अस्सल, नक्कल आणि कॅमेऱ्याखालचा डबा

शाबान महिना म्हणजे आमच्या सोलापुरात लग्नांची धांदल. रमजान लागायच्या आत जेवढी उरकतील तेवढी उरकायची, असा सगळ्यांचा हिशेब असतो. माझा भाचा लग्नांचे फोटो काढतो. यंदा शाबान सुरू व्हायच्या दोन-तीन दिवस आधी तो घरी आला आणि चहा हातात घेतल्या घेतल्या म्हणाला, "मामू, बॅटरी ग्रिप घ्यायची आहे. कंपनीची घेऊ की दुसरी? दुसरी चौथाई किमतीत मिळते."

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर. पण वीसएक वर्षांपासून शाळेच्या स्नेहसंमेलनाचे, सहलींचे आणि जुन्या दर्ग्यांवरच्या फारसी शिलालेखांचे फोटो काढत आलो आहे. मधली काही वर्षं रविवारी लग्नंही केली, कारण शिक्षणसेवकाच्या मानधनात घर चालत नव्हतं. म्हणून भाचा मला विचारतो. त्याला एका वाक्यात उत्तर देता आलं असतं, पण ते दिलं नाही. त्या रात्री त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. बॅटरी ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूने बसणारा डबा. त्यात जादा बॅटरी बसते, त्यामुळे कॅमेरा जवळपास दुप्पट वेळ चालतो. कॅमेरा उभा धरला की उजव्या हाताखाली येईल असं दुसरं शटरचं बटण त्यावर असतं, म्हणून कोपर हवेत ठेवावं लागत नाही. काही कॅमेऱ्यांत ग्रिप लावल्यावर वेगही वाढतो. निकॉनचा डी३०० सेकंदाला ६ फोटो काढायचा. त्याला एमबी-डी१० ही ग्रिप लावून तिच्यात मोठी बॅटरी घातली की ८ निघायचे. डी७०० मध्ये तर ५ चे ८ व्हायचे.

या डब्याचे पूर्वज फिल्मच्या काळातले. निकॉनने १९५७ साली आपल्या एसपी कॅमेऱ्यासाठी एस३६ नावाची मोटर काढली आणि १९५९ च्या निकॉन एफसाठी एफ३६. ३६ हा आकडा रोलमधल्या फोटोंचा. सुरुवातीला तिच्या बॅटऱ्यांचा डबा वेगळा असायचा आणि तो वायरने जोडावा लागायचा. मोटर सेकंदाला ३-४ फोटो ओढायची, म्हणजे अख्खा रोल दहा-बारा सेकंदांत संपायचा. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ही मोटर कोणत्याही निकॉन एफला तशीच लावता येत नसे. कंपनीच्या कारागिराला ती मोटर आणि तो एक ठरावीक कॅमेरा यांची जोडी जुळवून द्यावी लागे. एकाची मोटर दुसऱ्याला लावली तर बिघाड ठरलेला. म्हणजे तेव्हा अस्सल वस्तूसुद्धा सरसकट चालत नव्हती. १९७१ च्या निकॉन एफ२ पासून ही जुळवाजुळव बंद झाली.

१९७६ साली कॅननने एई-१ आणला आणि त्यासोबत पॉवर वाइंडर ए. सेकंदाला फक्त २ फोटो, पण सामान्य हौशी माणसाला परवडेल असा. १९८९ च्या कॅनन ईओएस-१ ला पॉवर ड्राइव्ह बूस्टर ई१ होता. त्यात आठ पेन्सिल सेल बसायचे. कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला अडीचवरून साडेपाचवर जायचा, आणि उभ्या फोटोसाठी वेगळं बटणही त्यावर होतं. आजची ग्रिप जी जी कामं करते ती सगळी इथे एकत्र आलेली दिसतात. पुढे डिजिटल आलं. १९९९ चा निकॉन डी१ आणि २००१ चा कॅनन ईओएस-१डी यांच्यात ग्रिप अंगाचाच भाग होती. पण ते वर्तमानपत्रांच्या आणि मोठ्या संस्थांच्या ऐपतीचे कॅमेरे. मधल्या माणसासाठी डबा वेगळाच राहिला. कॅननच्या २००० सालच्या डी३० ला बीजी-ईडी३ ही ग्रिप होती आणि तीच पुढच्या डी६० आणि १०डी लाही बसायची. बीजी-ई२ तर २००४ च्या २०डी पासून २००८ च्या ५०डी पर्यंत चार कॅमेऱ्यांना चालली. लोक कॅमेरा बदलायचे, ग्रिप तीच ठेवायचे.

नंतर हे बदललं. ५डी मार्क टू ला बीजी-ई६, ७डी ला बीजी-ई७, ६०डी ला बीजी-ई९, ५डी मार्क थ्री ला बीजी-ई११. निकॉनकडेही तेच: डी७००० ला एमबी-डी११, डी८०० ला एमबी-डी१२, डी६०० ला एमबी-डी१४. तळाचा आकार जरा बदलला, जोडणीची जागा सरकली, की नवी ग्रिप. कॅमेरा सुधारताना हे काही अंशी अटळ असतं. पण त्याचा बोजा गिऱ्हाइकावर पडतो. दर तीन-चार वर्षांनी एका डब्याला एवढे पैसे मोजायचे म्हटल्यावर दुसरा कोणी तोच डबा स्वस्तात करणार, हे उघड होतं. मायके, फॉटिक्स यांसारखी नावं याच काळात आपल्याकडच्या दुकानांत दिसू लागली. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात काचेखाली दोन रांगा असायच्या, एक पिवळ्या किंवा लाल खोक्यांची आणि दुसरी साध्या खोक्यांची. दुकानदार विचारायचा, "ओरिजनल दाखवू की चालणारी?"

चालणारी! हा शब्द मला तेव्हाच आवडला होता. भाषेचा मास्तर असल्यामुळे मी शब्दापाशी जरा थांबतो. अस्सल हा शब्द अरबी 'अस्ल' वरून आला. त्याचा अर्थ मूळ, झाडाचं मूळ असतं तसं. नक्कल आली 'नक्ल' वरून, आणि तिचा पहिला अर्थ आहे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं. त्यात फसवणूक कुठेच नाही. आपल्या परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आणलेल्या विद्यांना 'मनकूलात' म्हणतात, तो शब्द याच धातूचा. छापखाने येण्याआधी कातिब आणि नकलनवीस यांनी हाताने नकला केल्या म्हणून ग्रंथ टिकले. मराठी दफ्तरात 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा असायचा, म्हणजे मुळाबरहुकूम उतरवलेली प्रत. आजही तलाठ्याकडे आपण उताऱ्याची नक्कलच मागतो आणि बँक ती बिनतक्रार घेते. वाईट ती खोटी नक्कल, जी स्वतःला अस्सल म्हणवते. उर्दूत म्हणतात, नकल के लिए भी अक्ल चाहिए. हे वाक्य मी कॉपी करणाऱ्या पोरांना चिडवायला वापरतो, पण कारखान्यांनाही ते तितकंच लागू पडतं.

आज ज्यांना आपण अस्सल म्हणतो त्यांचा इतिहास बघा. कॅननचा १९३४ मधला पहिला नमुना, क्वानॉन, जर्मनीच्या लायका कॅमेऱ्यावर बेतलेला होता. १९३६ साली बाजारात आलेल्या हंसा कॅननला स्वतःची लेन्सही नव्हती. ती निकॉनच्या, म्हणजे तेव्हाच्या निप्पॉन कोगाकूच्या कारखान्यातून यायची. १९४८ चा पहिला निकॉन बघितला तर त्याची अंगकाठी जर्मन कॉन्टॅक्सची आणि आतला कापडी पडद्याचा शटर लायकाच्या वळणाचा. त्या काळात जपानी माल म्हणजे स्वस्त नक्कल, असंच जग समजायचं. १९५० मध्ये लाइफ मासिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी टोकियोत निक्कोर लेन्स तपासल्या आणि कोरियाच्या युद्धात त्या वापरल्या. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने त्या लेन्सची दखल घेतली, आणि मग लोकांचं मत बदलायला लागलं. जपान्यांनी नुसती नक्कल केली नाही. जे उचललं ते पारखलं, सुधारलं, आणि खराब निघालं तर त्याची जबाबदारी घेतली. नक्कल अस्सल होते ती या वाटेने.

म्हणून कोणी 'चायना माल' म्हणून नाक मुरडलं की मला पटत नाही. काही वेळा तर तिसऱ्या कंपनीनेच गिऱ्हाइकाची गरज ओळखली. निकॉनच्या डी७० ला, डी४० ला कंपनीची ग्रिपच नव्हती. कॅमेऱ्याच्या तळाला उभ्या बटणासाठी विजेची जोडणीही नव्हती. दुसऱ्या कारखान्यांनी तरीही ग्रिपा काढल्या. कोणी बटण इन्फ्रारेड रिमोटसारखं चालवलं, तर पुढच्या छोट्या कॅमेऱ्यांसाठी कोणी एक आखूड वायर कॅमेऱ्याच्या बाजूच्या छिद्रात खुपसली. दिसायला ओबडधोबड, पण काम व्हायचं. उलट २०१८ साली निकॉनने झेड६ आणि झेड७ काढले. त्यांच्यासाठी कंपनीने जो एमबी-एन१० दिला त्यात दोन बॅटऱ्या बसायच्या, पण उभ्या फोटोचं बटणच नव्हतं. ते मिळायला २०२० चे झेड६-टू आणि झेड७-टू यावे लागले.

अस्सल माल बिघडत नाही, असंही नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये निकॉनने आपल्याच ईएन-ईएल३ बॅटऱ्या परत मागवल्या, जगभरातून सुमारे ७ लाख. त्या तापून वितळण्याचा धोका होता. २०१२ मध्ये ईएन-ईएल१५ च्या काही लॉटवर पुन्हा तीच वेळ आली. पण इथेच एक फरक दिसतो. बॅटरीवर लॉटचा आकडा होता, कंपनीचा पत्ता होता, आणि गिऱ्हाइकाला बदलून मिळाली. बिननावाची बॅटरी तापली तर ती परत मागवणार कोण?

आता माझी गोष्ट. ती भाच्याला आधी कधीच सांगितली नव्हती.

२०११ साली माझ्याकडे निकॉनचा डी९० होता, जुना घेतलेला. त्याची कंपनीची ग्रिप एमबी-डी८०. मी तिची नक्कल घेतली. नाव कुठलं ते सांगत नाही, कारण त्या खोक्यावरचं नाव पुढच्या वर्षी बदललेलं होतं. वर्षभर तिने उत्तम काम दिलं. गॅदरिंग झालं, सहल झाली, खुलताबादला दोन दिवस शिलालेखांचे फोटो काढले. मी दुकानदाराला मनातल्या मनात दुआ देत होतो.

मग शेजारच्या गल्लीतल्या एका ओळखीच्या घरी मुलीचा निकाह होता. मुलीचे वडील यंत्रमागावर काम करणारे. पैसे जमवून त्यांनी अल्बम सांगितला होता. निकाहाच्या आधी वकील आणि दोन गवाह मुलीची इजाजत घ्यायला आतल्या खोलीत जातात. मुलगी हो म्हणते आणि निकाहनाम्यावर सही करते. ही गोष्ट एकदाच घडते. "जरा पुन्हा करा" असं तिथे म्हणता येत नाही. मी कॅमेरा उभा धरला, मुलीने पेन उचललं, मी बटण दाबलं, आणि पडदा काळा. पुन्हा दाबलं. काहीच नाही. दोन्ही बॅटऱ्या सकाळीच भरलेल्या होत्या. ग्रिपचा स्क्रू फिरवायचा, ती काढायची, बॅटरीचं झाकण पुन्हा कॅमेऱ्याला बसवायचं, बॅटरी आत टाकायची. या सगळ्याला तीनेक मिनिटं लागली. तोवर वकीलसाहेब मर्दान्यात परतले होते आणि आत बायका मुलीला जवळ घेऊन रडत होत्या.

घरी येऊन ग्रिप उघडून पाहिली. कॅमेऱ्याच्या पोटात जाणारा जो दांडा असतो, त्याच्या टोकाच्या पत्र्याच्या पट्ट्या सैल झाल्या होत्या. तळाचा स्क्रू किंचित ढिला होताच. कॅमेरा आडवा असला की पट्ट्या टेकायच्या, उभा केला की सुटायच्या. ग्रिप घेतली होती ती उभ्या फोटोसाठीच! त्या दिवसाआधी असं तीन-चार वेळा क्षणभर झालं होतं. मी पुन्हा बटण दाबलं होतं आणि विसरलो होतो. ती माझी चूक.

अल्बम दिला तेव्हा मुलीच्या वडिलांनी पानं उलटली. त्या जागी थांबले. मग म्हणाले, "मास्टरसाहब, सही का नहीं आया क्या?" मी खरं ते सांगितलं आणि अर्धे पैसे घेतले नाहीत. त्यांनी काही तक्रार केली नाही. त्यांनी तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतर मी लग्नं घेणं हळूहळू बंद केलं. लोकांना वाटलं पगार वाढला म्हणून.

हे ऐकून भाचा काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे ओरिजनलच घ्यायची ना?"

मी म्हटलं, आधी प्रश्न नीट मांड. तू चार वेगवेगळ्या गोष्टी एका किमतीत मोजतो आहेस.

पहिली गोष्ट बॅटरी. तिच्यात तडजोड नको. ग्रिप कोणाचीही असो, आतली बॅटरी कंपनीची किंवा खात्रीच्या नावाची हवी, कारण लिथियमची बॅटरी बिघडली तर नुसता फोटो जात नाही, कॅमेराही जातो. शिवाय कंपन्या सॉफ्टवेअर बदलून परक्या बॅटऱ्या बंदही पाडू शकतात. पॅनासॉनिकने २००९ मध्ये सुरक्षेचं कारण सांगून उघडपणे तसं केलं. पेन्सिल सेलचा ट्रे ग्रिपमध्ये असेल तर मात्र तो अडचणीला उपयोगी पडतो. रिचार्जेबल सेल कुठल्याही गावात मिळतात.

दुसरी गोष्ट जोडणी. कॅमेऱ्याची बॅटरी काढून त्या जागी ग्रिपचा दांडा जातो का, की कॅमेऱ्यातली बॅटरी आतच राहते आणि ग्रिप तळाच्या छोट्या संपर्कांना नुसती टेकते? माझ्या डी९० ची पहिली तऱ्हा. दांडा सुटला की कॅमेरा मेला. तुझ्या डी७५० ची दुसरी तऱ्हा. एमबी-डी१६ किंवा तिची नक्कल बिघडली तरी कॅमेऱ्याच्या पोटातली बॅटरी जागेवर असते. तुझा धोका माझ्यापेक्षा कमी आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगायला हवं.

तिसरी गोष्ट हाताला कळते. दुकानात ग्रिप लावून बघ. स्क्रू घट्ट केल्यावर कॅमेरा आणि ग्रिप यांच्यात नख जातं का? मुरगळल्यावर कुरकुर होते का? बोटाखालचं चाक एक घर फिरवलं की एकच घर सरकतं, की दोन? फोकसचं बटण हलकं दाबल्यावर अर्ध्यावर थांबतं, की थेट फोटो निघतो? तळाला ट्रायपॉडचं छिद्र धातूचं आहे की प्लास्टिकचं? मग कॅमेरा उभा, आडवा, उलटा धरून पन्नास फोटो काढ. रात्रभर ग्रिप लावून बंद ठेव आणि सकाळी बॅटरी किती उरली ते बघ. काही नकला झोपेतही बॅटरी पितात. या परीक्षेत नक्कल पास झाली तर तिला नक्कल म्हणून हिणवायचं कारण नाही. अस्सल नापास झाली तर परत कर.

चौथी गोष्ट जबाबदारी. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस नावाचा कायदा आहे. तिथे कंपनीला 'आमचाच जोडभाग वापरला नाही तर वॉरंटी रद्द' असं सरसकट म्हणता येत नाही. पण परक्या भागामुळेच नुकसान झालं असेल तर ते भरून द्यायला कंपनी बांधलेली नाही. आपल्याकडे दुकानाचं बिल हातात असणं, हीच पहिली वॉरंटी. बिल देत नाही त्याच्याकडून अस्सलही घेऊ नये.

आणि या चारही गोष्टींच्या वर एक: फोटो कोणाचा आहे? माझ्या शिलालेखाचा फोटो हुकला तर दगड दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो. तो तीनशे-चारशे वर्षं थांबला आहे, मास्तरसाठी आणखी एक दिवस थांबेल. शाळेच्या मैदानावरची पोरंही पुन्हा धावतात. तिथे स्वस्त ग्रिप बिनदिक्कत वापरावी, मी आजही वापरतो. पण सही करणारी मुलगी पेन पुन्हा उचलत नाही. जिथे दुसऱ्याचा एकदाच येणारा क्षण तुझ्या हातात आहे, तिथे वाचवलेले पैसे तुझे नसतात. ते त्या घरचे असतात.

भाच्याने वहीत हिशेब केला. नवी एमबी-डी१६ त्याच्या दोन लग्नांची कमाई खात होती, आणि घराचं भाडं थकलेलं होतं. 'ओरिजनलच घे' असं मी सांगितलं असतं तर ते उपदेश करून मोकळं होणं झालं असतं. मग त्यानेच मार्ग काढला. इथल्याच एका जुन्या फोटोग्राफरने मिररलेस कॅमेरा घेतला होता. त्याची वापरलेली कंपनीची ग्रिप पडून होती. रबर एका कोपऱ्यात निघालेलं, पण चाक एक घर फिरवलं की एकच घर सरकत होतं. नव्या नकलेपेक्षा थोडे जास्त पैसे देऊन त्याने ती घेतली. रात्री आमच्या घरीच पन्नासऐवजी दोनशे फोटो काढले, उभे, आडवे, उलटे. माझी धाकटी मुलगी कंटाळून झोपली तरी त्याचं चालूच होतं.

शाबानात त्याने नऊ लग्नं केली. शेवटच्या लग्नाला मीही पाहुणा म्हणून गेलो होतो. वकील आणि गवाह आतल्या खोलीकडे निघाले तेव्हा भाचा दाराबाहेर थांबला. त्याने ग्रिपचा स्क्रू अंगठ्याने एकदा दाबून पाहिला, एक फोटो जमिनीचा काढला, तो आला हे बघितलं, आणि मग आत गेला.